जिच्यावर राणी कधी बसलीच नाही

मी एक जुनी खुर्ची आहे, असे सगळे म्हणतात. मित्रांनो, तुम्ही मात्र फसू नका. मी जन्मले तीच जुनी होऊन. माझे लाकूड नवे होते, रंग अजून ओला होता, आणि तरी मला पाहून लोक म्हणाले, किती जुनी दिसते! ज्या धंद्यात मी जन्मले, त्या धंद्यात हीच शाबासकी असते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी भित्री आहे. माझ्या दोन्ही हातांवर सिंह बसवले आहेत, माझी पाठ उंच माणसाच्याही डोक्यावर जाते, अंगभर सोनेरी रंग आहे. पण बडा घर पोकळ वासा. आत नुसती भीती भरली आहे. ती कशी भरली, तेच आज सांगायचे आहे.

माझा जन्म एका स्टुडिओच्या मागच्या सुतारखान्यात झाला. वर पत्रे, खाली भुसा, आणि मधे सगळी खोटी दुनिया. दगडी भिंती थर्माकोलच्या होत्या, संगमरवरी खांब पुठ्ठ्याचे होते. मिस्त्रींचा चहाचा कप तेवढा खरा होता, पण त्याचा कान तुटला होता. तिथे एका राजघराण्यावरच्या चित्रपटाची तयारी चालली होती. शत्रूचे सैन्य दाराशी आले तेव्हा एका राणीने राज्य कसे सोडले, त्याची ती गोष्ट. राणी खरीच होऊन गेलेली होती. म्हणून चित्रपटही अगदी खराखुरा करायचा, असे दिग्दर्शक येईल त्याला सांगत असे.

मिस्त्रींनी मला घडवले. सिंहांची तोंडे त्यांनी प्लास्टरची केली. एकदा त्यांची बायको डबा घेऊन आली आणि डावा सिंह पाहून म्हणाली, की हे तर तुमच्या थोरल्या भावाचं तोंड झालंय. मिस्त्रींनी मान तिरकी करून पाहिले आणि सिंहाचे गाल थोडे कमी केले. मग रंगारी आला. नव्याला म्हातारे करणे हेच त्याचे काम. त्याने मला साखळीने बडवले, कानस लावून माझे कोपरे झिजवले, सोनेरी रंगावर काळपट पाणी फासले आणि फडक्याने पुसून घेतले. बसणाऱ्याचे हात जिथे टेकतात, तिथला रंग त्याने जास्त घासला. दिवस मावळेपर्यंत मी शतकभर म्हातारी झाले होते. बालपण म्हणून जे काही असते, ते मला मिळालेच नाही.

मरणाची बातमीही मला तिथेच कळली. सेट कसा दिसावा हे ठरवणारा कलादिग्दर्शक माझे काम बघायला आला होता. मिस्त्री माझ्या पायाचा सांधा पुन्हा पुन्हा घट्ट करत होते. तो म्हणाला, "मिस्त्री, फार जीव ओतू नका. शेवटी पेटवायचीच आहे."

मी तेव्हा चारही पाय वर करून उलटी पडले होते, त्यामुळे पळायचे म्हटले तरी सोय नव्हती. मिस्त्रींनी हातातली पक्कड खाली ठेवली आणि तो सांधा तसाच सोडला. भीतीने माणसांचे पाय लटपटतात म्हणे. माझा एक पाय त्या दिवसापासून लटपटतो. पुढे जो तो त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवत आला, पण खरे कारण कोणालाच ठाऊक नाही.

एकच आशा होती. चित्रपटात जी वस्तू फुटायची किंवा जळायची असते, तिची जोडी करतात. एक वापरायला आणि एक मारायला. कलादिग्दर्शकानेही मिस्त्रींना दोन खुर्च्या सांगितल्या होत्या. पण लाकूड आणणाऱ्याने एकीपुरतेच आणले आणि बाकीचे मागाहून येईल म्हणाला. मी त्या येणाऱ्या बहिणीची वाट पाहू लागले. ती आली की मरण तिच्या वाट्याला आणि बसणे माझ्या वाट्याला, असा माझा हिशेब होता. मित्रांनो, घाबरलेला जीव फार आपमतलबी होतो. रोज दारात टेम्पो थांबला की मला वाटे, आले लाकूड. ते लाकूड काही आले नाही.

मला सेटवर नेऊन दरबाराच्या मधोमध ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी इतिहासबाई आल्या. त्यांनी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला होता आणि या राणीवर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. चित्रपटात काही चुकीचे जाऊ नये म्हणून त्यांना सल्लागार नेमले होते. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, काखेत पिशवी, पिशवीत स्वतःच्या पाण्याची बाटली. आल्या आल्या त्यांनी एका सरदाराचे बूट काढायला लावले, कारण तसे बूट त्या काळी नव्हते. एका दासीच्या दंडावर लस टोचल्याची खूण होती, तीही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. ती लस तेव्हा निघालीच नव्हती. दासीने दंड झाकला. मग बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हे काय आहे?"

"सिंहासन," कलादिग्दर्शक छाती फुगवून म्हणाला.

"कुणाचं?"

त्याला वाटले, बाई गंमत करतात. बाई गंमत करत नव्हत्या. राणीची कंबर लहानपणापासून दुखायची, म्हणून ती दरबारात साध्या सरळ पाठीच्या लाकडी बाकावर बसायची, असे तिला पाहिलेल्या लोकांनी लिहून ठेवले आहे, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. ना सिंह, ना सोने. म्हणून हे काढा इथून, असे त्या म्हणाल्या.

काढणे म्हणजे मोडणे, हे मला सुतारखान्यात राहून चांगले कळले होते. तिथे सकाळी काढलेली वस्तू दुपारी दुसऱ्या कशाचा तरी पाय झालेली असते. मी मनातल्या मनात बाईंना बोल लावले, त्यांचा चष्मा फुटावा असेही म्हणाले. पण दिग्दर्शक माझ्या बाजूने उभा राहिला. राणी बाकावर बसलेली दाखवली तर तिला वर्गात शिक्षा झाली आहे असे वाटेल, असे तो म्हणाला. सगळे हसले. बाईंनी चष्मा खाली सोडला आणि मी जागच्या जागी राहिले. माझा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ नाही.

कारण त्याच दुपारी बाईंच्या हातात शेवटच्या दृश्याचे कागद आले. त्या वाचता वाचता थांबल्या आणि दिग्दर्शकाला त्यांनी माझ्याजवळच गाठले.

"ही आग कुठून आली?"

"राजवाडा जळतो, बाई. सिंहासन जळतं. राणी ज्वाळांमधून बाहेर पडते."

"राजवाडा जळालाच नाही. ती उठली, कमरेच्या किल्ल्या काढून ठेवल्या आणि चालत निघून गेली. लोकांची घरं वाचावीत म्हणून तिनं लढाई टाळली. आग दाखवलीत तर तिनं केलं ते काम तुम्ही पुसून टाकाल."

"बाई, किल्ल्या ठेवलेल्या बघायला तिकीट काढून कोण येणार?"

"मी येईन."

"तुम्हाला पास देऊ," दिग्दर्शक म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला पडद्यावर काहीतरी भडकताना हवे होते, इतकेच.

मित्रांनो, माझी अवस्था काय झाली असेल ते पाहा. सकाळी ज्या बाईंचा चष्मा फुटावा म्हणत होते, त्यांच्याच पाया पडावेसे वाटू लागले. बाईंचे खरे ठरले तर आग नाही. पण बाईंचे सगळेच खरे ठरले तर मीही नाही, कारण मीच मुळात खोटी. आणि बाई हरल्या तर मी पेटणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्या दोघांचा वाद रोज माझ्या डोक्यावरून चाले आणि मी एकदा याच्या, एकदा त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. बाई जोरात बोलल्या की मला मोडायची भीती, दिग्दर्शक जोरात बोलला की जळायची. शेवटी बाई म्हणाल्या, की आग दाखवणार असाल तर माझे नाव चित्रपटात नको. तेव्हा दिग्दर्शक नरमला. दोन्ही शेवट घेऊन ठेवू, आगीचाही आणि किल्ल्यांचाही, आणि मग बघून ठरवू, असे ठरले.

दोन्ही म्हणजे माझे मरण पक्केच होते. तरी मी म्हटले, आग सगळ्यात शेवटी असेल, तोवर काहीतरी होईल. पण चित्रपटवाल्यांचे घोडे नेहमी वरातीमागूनच. स्टुडिओतली आग लावायची जागा दुसऱ्या एका चित्रपटाला लवकर हवी होती, म्हणून आगीचे दृश्य एकदम पुढे ओढले. राणी पहिल्यांदा गादीवर बसते ते दृश्य राहिले होते, दरबार राहिला होता, किल्ल्या राहिल्या होत्या. हे सगळे माझ्यावरच व्हायचे होते. कोणी चिंता केली नाही. कलादिग्दर्शकाला वाटले, दुसरी खुर्ची गोदामात तयार असेल. मिस्त्री तोवर दुसऱ्या कामावर गेले होते. त्यांना वाटले, लाकूड आले नाही म्हणजे दुसरी नको असेल. दिग्दर्शकाला खुर्च्या मोजायला वेळ नव्हता. माझी जुळी बहीण जगात नाही, हे मला एकटीलाच माहीत होते. आणि मला तोंड नाही. तोंडे आहेत ती सिंहांची, तीही प्लास्टरची.

आग लावणाऱ्या माणसाला सगळे भडका म्हणत. नाव भडका, पण बोलायला लोण्यासारखा. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सुकी आहे. छान पेटेल." पाहुण्यांच्या पोराचे कौतुक करावे तसे त्याने ते म्हटले. मग त्याने माझ्या डाव्या हाताला आणि पाठीला एक चिकट पदार्थ फासला. त्याचा वास मला अजून येतो. वाळूच्या बादल्या, ओली घोंगडी, सगळे त्याने हाताशी मांडले होते. ते सगळे माणसांसाठी होते, माझ्यासाठी काहीच नव्हते.

भर दुपारची वेळ होती, पण दिव्यांमुळे आत दिवसरात्र कळत नसे. राणी झालेली नटी माझ्यावर बसली. तिने माझा उजवा हात घट्ट धरला होता, कारण तिलाही आगीची भीती होती. आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो होतो म्हणा ना. बाई दाराजवळच्या स्टुलावर पाठ करून बसल्या होत्या. त्यांना ते बघायचे नव्हते. मला मात्र बघावे लागणार होते, माझ्याच अंगावर.

नटी उठली, चार पावले गेली, आणि डावा सिंह पेटला.

मित्रांनो, भीतीबद्दल लोक खूप बोलतात, पण खरी भीती अगदी साधी असते. मला वाटले, बस्स, आता मी नाही. एवढेच वाटले. हाताचा रंग फुगला, फुटला आणि त्याखालचे लाकूड तडतडू लागले. मिस्त्रींच्या थोरल्या भावाचे तोंड काळे पडत गेले. समोर सगळे खूश होऊन बघत होते. आपण मरताना समोरच्यांना ते आवडत असते, यासारखे एकटे वाटणे दुसरे नाही.

तेवढ्यात दार धाडकन उघडले. कुठल्या दृश्यात कोणती वस्तू कशी होती, हे ध्यानात ठेवणारी ताई धावत आत आली. दुसऱ्या दिवसासाठी दुसरी खुर्ची काढून ठेवा, असे सांगायला तिने गोदामात फोन केला होता, आणि गोदामवाल्याने तिलाच विचारले होते, की कुठली दुसरी?

"थांबवा! दुसरी खुर्चीच नाही! राणी बसायची राहिलीय!"

सगळ्यांत आधी उठल्या त्या बाई. किल्ल्यांचे दृश्य व्हायचे होते, आणि त्यासाठी राणीला कशावरून तरी उठायचे होते. त्या धावत आल्या आणि त्यांनी पिशवीतली बाटली काढून माझ्या हातावर ओतली. ते पाणी ते किती! बाटली रिकामी झाली तरी त्या ती माझ्यावर झटकत होत्या. मग भडक्याने घोंगडी टाकली, वाळू ओतली आणि मी विझले. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

पुढची सगळी दृश्ये माझ्या उजव्या बाजूने घेतली. जळका हात नटीच्या शालीखाली झाकून ठेवला. किल्ल्यांचे दृश्यही झाले. राणी उठली, किल्ल्यांचा जुडगा तिने माझ्यावर ठेवला, त्याच्याकडे एकदा पाहिले आणि मागे न बघता दारातून चालत गेली. भडका डोळे पुसत होता आणि धूर गेला म्हणत होता, तेव्हा तिथे धुराचा पत्ता नव्हता. बाई हळूच म्हणाल्या, "असंच झालं असणार." त्या दिवशी प्रथमच मला भीती वाटली नाही. खोटी असूनही मी एका खऱ्या गोष्टीच्या उपयोगी पडले होते.

चित्रपट आला, तेव्हा त्यात किल्ल्या नव्हत्या. आगीचे जे थोडेसे मिळाले होते, तेच उलटसुलट जोडून दिग्दर्शकाने आख्खा राजवाडा जाळला होता. बाईंनी सल्लागार म्हणून असलेले आपले नाव काढायला लावले. तरी ते अगदी शेवटी, आभारांच्या यादीत गेलेच. तेव्हा लोक उठून चपला शोधत असतात.

माझी रवानगी गोदामात झाली. तिथे वर्षे गेली. कधी कोणी राक्षसाच्या दरबारासाठी मला भाड्याने नेई, कधी एखाद्या जादूगाराच्या खेळासाठी. एरवी माझ्यावर फाटके पडदे टाकलेले असत आणि माझ्या गादीत उंदरांचा संसार असे. कोणी काडी ओढली की मी गारठून जाई. पण गोदामवाला बाहेर जाऊन विडी ओढत असे, देव त्याचे भले करो.

इकडे तो चित्रपट घरोघरी पोचला होता. खऱ्या राजवाड्यात लोक येऊ लागले आणि विचारू लागले, की जळालेला भाग कुठे आहे? तिथल्या लोकांची पंचाईत झाली. जळालेले काहीच नव्हते. तेव्हा त्यांनी गोदामातून मला मागवून घेतले आणि दिवाणखान्यात चौथऱ्यावर मांडले. सुरुवातीला माझ्यापुढे पाटी होती: चित्रपटासाठी बनवलेली खुर्ची. माहिती सांगणारा माणूसही तसेच सांगायचा. पण ते ऐकून लोकांचे चेहरे पडत आणि ते पुढे जात. मग तो 'चित्रपट' हा शब्द हळू बोलू लागला. मग बोलेनासा झाला. पाटी एकदा फरशी पुसताना पडली आणि कोणी परत लावली नाही.

आता लोक माझ्या जळक्या हाताला हात लावतात. काहींचे डोळे भरून येतात. एका शिक्षकांनी तर सगळ्या वर्गाला माझ्यापुढे मान खाली घालून उभे केले होते. खोटेपणा उघडा पडेल, अशी भीती मला पूर्वी वाटायची. तो कधीच उघडा पडणार नाही, ही भीती तेव्हा पहिल्यांदा वाटली.

परवा इतिहासबाई आल्या. खूप थकल्या आहेत. नातीचा हात धरून चालत होत्या. मी त्यांना लगेच ओळखले. त्यांनी मला ओळखायला चष्मा लावला. माहितीवाला नेहमीप्रमाणे रंगात आला होता. शत्रूने राजवाडा कसा पेटवला, राणीसाहेब याच सिंहासनावर कशा बसून होत्या, हे तो हात हलवून सांगत होता.

"असं काही झालं नव्हतं," बाई म्हणाल्या. "ही आग मी पाहिली आहे. मी होते तिथं."

"आजी, तेव्हा तुम्ही होता?" माहितीवाल्याने विचारले, आणि सगळे लोक हसले. बाई समजावून सांगायला गेल्या, पण आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता आणि मागून दुसरा घोळका आत येत होता. तेवढ्यात नातीने माझ्या डाव्या हातावर बोट फिरवले. सिंहाच्या करपलेल्या गालावर ते थांबले. तिने बोट उलटून पाहिले, मग आजीकडे पाहिले.

"पण आजी, हे खरंच जळलंय गं."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. ज्या हातावर त्यांनी आपले पाणी ओतले होते, तोच हात आता त्यांच्या विरुद्ध साक्ष देत होता. "हो बाळा," त्या म्हणाल्या, "जळलंय ते खरंय." पुढचे त्यांना बोलायचे होते, पण घोळक्याने त्या दोघींना पुढे ढकलले. नात जाताना मागे वळून वळून माझ्याकडे बघत होती. तिला आजीपेक्षा माझे पटले होते. मी सगळ्या बळाने ओरडायचा प्रयत्न केला. लटपटता पाय तेवढा हलला, आणि एक सेवक येऊन त्याखाली घडी नीट करून गेला.

मित्रांनो, मला जपा असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला लोक पुरेसे जपतात. जपायचेच असेल तर अशा आजींचे बोलणे जपा. तो आवाज लवकर बसतो. आणि माझ्यासमोर आलात तर एवढे करा. माझ्या हातावरची काजळी बघून लगेच मान डोलावू नका. ती खरी आहे. पण ती कुणी केली, कधी केली आणि तेव्हा तिथे कोण उभे होते, हे विचारा. माहितीवाला चिडला तरी विचारा.

काल दोन माणसे येऊन माझे माप घेऊन गेली. माझ्याभोवती काचेची पेटी बसणार आहे. मग मला वाळवी लागणार नाही, पाणी लागणार नाही, आणि आग तर नाहीच नाही. त्या दुपारी मला भीती होती की मी जळून जाईन. आता भीती ही आहे की मी टिकेन.